ढवळणे आणि ढवळाढवळ

१७७६ सालच्या नोव्हेंबरात, उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठाशी, लव्हाळ्यांनी भरलेल्या उथळ पाण्यात, आलेस्सांद्रो व्होल्टा या पदार्थविज्ञानवेत्त्याने हातातील काठीने तळाचा चिखल ढवळला, आणि त्याबरोबर जे बुडबुडे वर आले ते पाण्याने भरून उपड्या धरलेल्या बाटलीत गोळा करून त्यांना ज्योत लावून पाहिली. तो वायू निळसर ज्योतीने जळला. आज आपण ज्याला मिथेन म्हणतो त्या वायूच्या शोधाचे श्रेय इतिहासाने व्होल्टाच्या पदरी घातले, ते यथायोग्यच झाले; परंतु त्या प्रसंगातील काठीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः त्या काठीतच एका मोठ्या विद्येचे बीज होते. कुजणाऱ्या पदार्थाच्या उदरात शक्ती साठलेली असते. ती वर यावयाची तर त्या पदार्थाला थोडे हलवावे लागते. आणि हे हलवणे किती असावे, कितीदा असावे व कोणाच्या हातून व्हावे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात पुढची अडीचशे वर्षे गेली.

आपल्या भाषेने या तिन्ही प्रश्नांविषयीचा विवेक केव्हाच दोन शब्दांत साठवून ठेवला आहे. ढवळणे हे स्वयंपाकघरातील सात्त्विक क्रियापद आहे; खीर बुडाला लागू नये, पिठल्यात गुठळी होऊ नये, आमटीची डाळ तळाशी बसून राहू नये, म्हणून गृहिणी मधूनमधून डाव फिरवते. तीच क्रिया अकारण आणि अखंड होऊ लागली म्हणजे तिला ढवळाढवळ असे नाव पडते, आणि या नावाची वस्तू कोणालाच प्रिय नसते. शहरांच्या मैल्याचा गाळ ज्या टाक्यांत साठवतात व पचवतात, त्या टाक्या ढवळण्याचा इतिहास म्हणजे या दोन शब्दांमधील अंतर मोजण्याचा इतिहास होय, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

या इतिहासाचा आरंभ मात्र यंत्रापासून करता येत नाही; तो माणसापासूनच करावा लागतो. जमिनीखालून वाहणारी गटारे येण्यापूर्वी मुंबई शहराचा मैला माणसांच्या डोक्यावरून वाहिला जात असे. ही कामगिरी ज्यांच्याकडे होती त्यांना सरकारदरबारी हलालखोर म्हणत, आणि त्यांच्या कामासाठी रहिवाशांकडून जो कर वसूल होई, त्यालाही १८८८ च्या महापालिका कायद्यात हलालखोर कर हेच नाव होते. हलालखोर या शब्दाचा मूळ अर्थ कष्टाने मिळवलेले शुद्ध अन्न खाणारा असा आहे. ज्या समाजाने इतके उदात्त नाव दिले, त्याच समाजाने त्या नावाच्या माणसाची सावलीही वर्ज्य मानली, ही गोष्ट लिहिताना आजही लेखणी जड होते. मैल्याचा गाळ उपसणे, खळग्यात उतरून तो हलवणे, पाटीत भरणे आणि वाहून नेणे, ही सर्व कामे ज्या हातांनी केली त्या हातांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. जमाखर्चाच्या वहीत ते केवळ पगाराच्या एका रकमेपुरते उरले.

या हातांची सुटका करण्याची इच्छा यंत्रांच्या जन्माच्या मुळाशी होती, याचा एक बोलका पुरावा फ्रान्समध्ये सापडतो. वेझूल या गावच्या लुई मूरास नावाच्या गृहस्थांनी हवाबंद टाकी बांधली. तिच्यात मैला पडे आणि काही काळाने तो बहुतांशी विरून पातळ द्रवाच्या रूपाने बाहेर पडे. १८८१ साली ही टाकी प्रसिद्धीस आली तेव्हा तिला जे नाव मिळाले त्याचा अर्थ ‘आपोआप मैला उपसणारा’ असा होतो. आपल्या टाकीने एका माणसाची जागा घेतली आहे, याची जाणीव त्या नावात स्पष्ट आहे. त्यानंतर १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सिटर शहराचे सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरन यांनी याच तत्त्वावर मोठी टाकी बांधून तिला सेप्टिक टँक हे नाव दिले, आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूवर त्याच आवारातील दिवे लावून दाखवले.

हे वारे मुंबईस पोहोचण्यास फार काळ लागला नाही. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अर्बथनॉट ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्यास निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू झाले होते. आज वडाळ्यास ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय या नावाने ओळखली जाते तीच ही संस्था. मराठी वाचकाला ॲकवर्थसाहेब परके नाहीत, कारण शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे गोळा करून ते १८९१ साली प्रसिद्ध करणारे हेच गृहस्थ. विस्मरणात चाललेल्या शाहिरांना ज्याने जवळ केले त्यानेच समाजाने टाकलेल्या रोग्यांना आसरा दिला, हा योग चिंतनीय आहे. या आश्रयस्थानाच्या सांडपाण्याची तजवीज मुंबईच्या ड्रेनेज खात्यातील अभियंते चार्ल्स कारकीट जेम्स यांच्याकडे होती. पौर्वात्य शहरांच्या मलनिस्सारणावर ग्रंथ लिहिणारे आणि पुढे कैरो शहराच्या गटारयोजनेची धुरा वाहणारे हे जेम्स आपल्या विषयात पारंगत होते. जैववायूचा इतिहास लिहिणारे अनेक ग्रंथकार नोंदवतात की १८९७ साली माटुंग्याच्या या आश्रयस्थानाच्या मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय झाली आणि त्या वायूवर इंजिन चालवण्यात आले. आदल्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरात, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचा पहिला रोगी ओळखला होता. सारे शहर घाणीच्या नुसत्या नावाने थरथरत होते, आणि त्याच शहराच्या एका कडेला, सर्वांनी वाळीत टाकलेल्या माणसांच्या मैल्यातून यंत्र फिरवणारी शक्ती निघत होती.

आता या टाकीच्या आत काय घडते ते पाहू. मैल्याच्या गाळात शंभरातले पंचाण्णव भाग तरी बहुधा पाणीच असते, पण हे पाणी पाण्यासारखे वागत नाही. जड रेती, खडे, माती हळूहळू तळाशी बसून दगडासारखी घट्ट होतात. केस, तेलकट पदार्थ, चिंध्या, काड्या वर तरंगून त्यांची साय धरते आणि ती वाळली म्हणजे खपलीसारखी कडक होते. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तेवढ्याच जागेत जिवाणू आपले काम करतात. वरची खपली वायूची वाट अडवते, तळाचा थर टाकीची जागा खातो, आणि दहा वर्षांसाठी बांधलेली टाकी पाच वर्षांत अर्धी निकामी होते. ज्यांत वायू धरीत नाहीत, गाळ नुसता साठवून पुढे सुकवण्याच्या यंत्राकडे धाडतात, त्या साठवण-टाक्यांचीही हीच कथा. आज पातळ पाणी आणि उद्या घट्ट लगदा असा गाळ येऊ लागला तर पुढचे यंत्र कोणत्या हिशेबाने चालवावे, हेच कारागिराला कळत नाही. यास्तव ढवळणे अपरिहार्य ठरते.

जर्मनीतील एम्शर नदीच्या खोऱ्यात काम करणाऱ्या कार्ल इमहॉफ यांनी १९०६ साली जी दुमजली टाकी सिद्ध केली, तिच्यात वरच्या मजल्यावर सांडपाणी निवळे आणि खालच्या मजल्यावर गाळ स्वस्थपणे पचत राही. तिला यंत्र नव्हते आणि विजेचा एक पैसाही लागत नव्हता. म्हणूनच ती जगभर पसरली. पण वायू निघण्याच्या तिच्या कडेच्या फटींत साय दाटून येई, आणि ती मोडण्यासाठी काठावर उभे राहून लांब बांबूने ढोसणारा किंवा नळीने पाण्याचा झोत सोडणारा मजूर मात्र लागे. यंत्राची मेहनत वाचली होती. माणसाची पूर्णपणे वाचली नव्हती.

पुढे १९१४ साली मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून जिवंत गाळाच्या साहाय्याने ते शुद्ध करण्याची पद्धती जाहीर केली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही या देशात आली. या पद्धतीने पाणी फार उत्तम निवळे, परंतु त्या निवळण्याचे मोल म्हणून गाळ पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पडू लागला. हा गाळ ठेवायचा कोठे, पचवायचा कसा, या विवंचनेतून १९२० च्या दशकात तापवलेल्या बंद टाक्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग ढवळणारी यंत्रे आली: कोठे मधोमध उभ्या नळीत फिरणारा पंखा, कोठे गाळ खालून ओढून वर सोडणारा पंप, कोठे टाकीचाच वायू दाबून पुन्हा तळाशी सोडण्याची योजना. व्होल्टाच्या काठीला आता विजेचा हात मिळाला होता.

विजेच्या हाताला थकवा नसतो, आणि जे थकत नाही ते थांबतही नाही. विसाव्या शतकाच्या मध्याच्या अभियंत्यांनी, टाकीत कोठेही गाळ बसू नये या सद्हेतूने, टाकी अहोरात्र ढवळण्याचा प्रघात पाडला, आणि पचनटाकीच्या प्रत्येक घनमीटरास पाच ते आठ वॅट शक्ती लावावी असा दंडक पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. हा आकडा दिसण्यात क्षुल्लक आहे. पण एक हजार घनमीटरांच्या टाकीस आठ किलोवॅट या मानाने दिवसाचे एकशे ब्याण्णव युनिट आणि वर्षाचे सत्तर हजार युनिट होतात. एका मध्यम शहराच्या केंद्रात अशा कित्येक टाक्या असतात, आणि हे सर्व खर्चवेच होऊन गाळ जागच्या जागीच फिरत राहतो.

मात्र ढवळण्याचे गणित याच काळात स्वच्छ होऊ लागले होते. १९४३ साली अमेरिकेतील थॉमस कँप आणि स्टाइन या दोघा अभियंत्यांनी ढवळण्याची तीव्रता आणि तिला लागणारी शक्ती यांचे नाते सूत्रात बांधले. त्याचा मथितार्थ असा की, तीव्रता दुप्पट करावयाची तर शक्ती चौपट लागते. पंख्याच्या बाबतीत निसर्गाचा नियम याहूनही कठोर आहे. प्रवाह खळाळता असेल तेव्हा पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अर्थात गती निम्मी केली की शक्ती एक अष्टमांशावर येते. आणि पंख्याचा व्यास दुप्पट करून तेवढाच गाळ हलवावयाचा झाला, तर गती इतकी उतरवता येते की एकूण शक्ती एक षोडशांश पुरते. लहान, वेगवान पंखा आपल्यापुरता भोवरा करून सारे बळ त्यातच घालवतो. मोठे, संथ पाते सबंध टाकीला हळूच आपल्याबरोबर घेऊन चालते. मोठ्या पातेल्यातली खीर चमच्याने भरभर ढवळणाऱ्या नवख्या मुलीच्या हातून आई डाव काढून घेते आणि बुडापासून एक लांब, सावकाश फेर देते, तेव्हा ती हेच गणित सोडवीत असते.

या विद्येचा सर्वांत सुंदर प्रयोग मात्र एखाद्या मोठ्या शहरात झालेला नाही. तो आमच्या खेड्यांत झाला. कोकणचे गांधी म्हणून ज्यांना महाराष्ट्राने वंदिले त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली म्हणून अन्नत्याग केला, आणि त्यांच्यासाठी येरवड्यास महात्माजींनीही उपवास आरंभला. याच अप्पासाहेबांनी १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम उभारला, आणि मैला हा कोणा एका जातीचा वाटा नसून प्रत्येक घराची संपत्ती आहे, हे संडास, खत आणि गोबरगॅस यांच्याद्वारे जन्मभर शिकवले. देहूच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी तीच वाट पुढे नेली, आणि संडासाला जोडलेल्या गॅसच्या टाक्या त्या संतभूमीत घरोघर पोहोचवल्या.

१९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी आपल्या गॅस-यंत्राचा आराखडा सिद्ध केला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो पुढे देशभर नेला. माझ्या मामाच्या घरी, दक्षिण कोकणात, गोठ्यामागे असेच एक यंत्र होते. जमिनीत बांधलेली विटांची खोल विहीर, तिच्यात शेणकाल्यावर तरंगणारा उलटा लोखंडी ड्रम, आणि तो सरळ राहावा म्हणून मधोमध उभा लोखंडी नळ. पहाटे मामी कुंडीत एक घमेले शेण आणि तितकेच पाणी हाताने कालवीत असे, गवताच्या काड्या वेचून टाकीत असे, आणि मग तो काला नळातून विहिरीत सोडून ड्रमाच्या कानाला धरून तो सावकाश डावीकडे, मग सावकाश उजवीकडे फिरवीत असे. ड्रमाच्या आत आडव्या लोखंडी पट्ट्या जोडलेल्या असत; ड्रम फिरला की त्या पट्ट्या आतली साय मोडीत. चार-पाच फेर झाले की ड्रम आणि भिंत यांच्या फटीतून बारीक बुडबुडे फुटू लागत, आणि मामी पदराने हात पुशीत म्हणे, “झालं. आता चूल पेटेल.” या ढवळण्यास वीज लागली नाही, आणि त्यासाठी विहिरीत कोणालाही उतरावे लागले नाही. पुढे आलेल्या घुमटबंद यंत्रांनी तर हातही वाचवला. वायू साठला की तोच काल्याला बाहेरच्या कुंडीत ढकलतो, वायू वापरला की काला परत आत येतो, आणि या येण्याजाण्यात टाकी आपणहून हलत राहते.

मोठ्या टाक्यांच्या शास्त्रज्ञांना या साध्या अनुभवाचे मर्म पटण्यास काही दशके जावी लागली. गाळाचा स्वभाव दह्यासारखा आहे. विरजलेले दही भांडे कलते केले तरी पटकन ओघळत नाही. एकदा डावाने मोडले की तेच दही सहज वाहू लागते. गाळही एकदा मोडला की थोड्या बळाने फिरतो, आणि काही काळ स्वस्थ ठेवला तरी लगेच बसत नाही. मग तो अहोरात्र घुसळण्याचे प्रयोजन काय? शिवाय वायू करणारे जिवाणू एकमेकांना बिलगून संसार करतात. एकाने टाकलेला हायड्रोजन दुसरा तत्काळ उचलतो, आणि अतिवेगाने घुसळले म्हणजे ही सोयरीक तुटते. २००१ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, अन्नाचा भार जड असताना सतत ढवळलेल्या टाक्या बिघडतात, आणि ढवळणे कमी केल्यावर त्याच टाक्या पुन्हा सावरतात. आता अनेक ठिकाणी टाक्यांना संथ, मोठी पाती बसवतात, त्यांना टायमर लावतात, आणि काही घटका विश्रांती देऊन थोडा वेळ ढवळतात. काही साठवण-टाक्यांत तळावरच्या ताटल्यांखालून दाबलेल्या हवेचे मोठे बुडबुडे क्षणभर सोडतात आणि पुन्हा थांबतात. वर हिशेब केलेली टाकी चोवीस तासांऐवजी सहा तासच ढवळली, तर वर्षाचे सत्तर हजार युनिट साडेसतरा हजारांवर येतात.

परंतु काटकसरीचाही अतिरेक होतो, हे मी एका केंद्रात प्रत्यक्ष पाहिले आहे. वीजबिल वाचवण्यासाठी तेथे एका साठवण-टाकीचा मिक्सर महिनोन्महिने बंद ठेवला होता. टाकी रिकामी करण्याची वेळ आली तेव्हा तळाशी गुडघाभर घट्ट थर, वर वीतभर खपली, आणि पंप त्यातले काहीच ओढीना. मुकादमाने शिडी मागवली. काठावर दोन तरुण उभे होते, पायात साधे बूट, हातात फावडी. त्यांच्यापैकी एकाने खाली वाकून वास घेतला आणि तो मागे सरला. त्या दिवशी एका ज्येष्ठ कामगाराने शिडीवर आपला पाय आडवा ठेवून कोणालाही उतरू दिले नाही. झोताने थर फोडून टाकी रिकामी होण्यास तीन दिवस लागले. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो; तो फार झाला की नाक बधिर करतो, मग वास येईनासा होतो, आणि माणूस जेथल्या तेथे कोसळतो. हाताने मैला उपसण्याची प्रथा १९९३ च्या कायद्याने निषिद्ध झाली, २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईस माणूस लावणे गुन्हा ठरले. तरीही टाकीत उतरून गुदमरलेल्या कामगारांच्या वार्ता वर्तमानपत्रांतून थांबलेल्या नाहीत.

म्हणून मला वाटते की, कमी विजेत टाकी ढवळण्याच्या या विद्येकडे केवळ वीजबिलाच्या दृष्टीने पाहणे हा तिच्यावर अन्याय आहे. ज्या टाकीला ढवळण्याचा खर्च सोसत नाही तिचा मिक्सर आज ना उद्या बंद पडतो, आणि बंद पडलेल्या मिक्सरची बाकी शेवटी फावडे हातात घेतलेल्या कोणा तरुणाच्या श्वासातून फेडली जाते. ढवळणे स्वस्त झाले तरच ते नित्य होते, आणि नित्य झाले तरच शिडी लागत नाही. मूरास यांच्या टाकीच्या नावात जी आकांक्षा होती ती सिद्धीस नेण्याचा मार्ग या हिशेबातूनच जातो.

त्याच केंद्रात दोन वर्षांनी पुन्हा जाण्याचा योग आला. त्या टाकीत आता नवे, रुंद पाते बसवले होते, आणि भिंतीवरच्या पेटीत टायमर टिकटिकत होता. शिडीवर पाय ठेवणारा तो ज्येष्ठ कामगार मला काठापाशी घेऊन गेला. पाते सावकाश फिरले, काळा गाळ सबंध अंगाने एकदा वळला, आणि ठरलेल्या वेळी मोटार थांबली. “थांबा, एवढ्यात जाऊ नका,” तो म्हणाला, “आता बघा.” आम्ही कठड्यावर हात टेकून उभे राहिलो. थोड्या वेळाने शांत झालेल्या पृष्ठभागावर एक बुडबुडा फुटला, मग दुसरा, आणि मग मामीच्या ड्रमाच्या कडेला येई तसा बारीक आवाज सगळ्या टाकीभर येऊ लागला.